कझानचा करार आणि त्याचा कर्ता

१९९४ या एकाच वर्षात मॉस्कोने आपल्याला न जुमानणाऱ्या दोन प्रजासत्ताकांचा प्रश्न दोन तऱ्हांनी हाताळला. १५ फेब्रुवारीला तातारस्तानबरोबरच्या करारावर सह्या झाल्या. ११ डिसेंबरला चेचन्यात रणगाडे घुसले. मार्च १९९२ मध्ये रशियाच्या बाकीच्या घटकांनी संघराज्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा नकार देणारी प्रजासत्ताकं हीच दोन होती. चेचन्याचे जोहर दुदायेव हे हवाई दलातले जनरल. तातारस्तानचे मिंतिमेर शायमियेव हे पाटबंधारे खात्यातून वर आलेले मंत्री. त्या हिवाळ्यात चेचन्याची राजधानी ग्रोझनी बेचिराख झाली. तातारस्तानच्या राजधानीतली, कझानमधली माणसं त्याच हिवाळ्यात रोजच्यासारखी कामाला जात होती. जगभरच्या वर्तमानपत्रांत जागा मिळाली ती दुदायेव यांना. हा लेख दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

दुभाषीपण हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि नव्वदच्या दशकात ट्रकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या शिष्टमंडळांबरोबर तातारस्तानला जाऊ लागले. काम असायचं नाबेरेझ्निये चेल्नी या शहरात, कामाझ ट्रकच्या कारखान्यात. जाता-येता मुक्काम कझानला, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. त्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे आपा म्हणत असे. आपा तातार, त्यांची सून रशियन. स्वयंपाकघरात सासू तातारमध्ये बोलायची, सून रशियनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं काही अडत नसे.

दुभाष्याला वाटाघाटी फार जवळून दिसतात. आकडा आधी कोण बोलतो, चहा येईपर्यंत कोण गप्प राहतो, ‘विचार करून कळवतो’ म्हणून कोण उठतो आणि महिनाभर कळवत नाही, हे सगळं त्या टेबलावर बसून कळतं. शायमियेव यांच्या कारकिर्दीकडे मी याच नजरेने बघत आले. त्यांनी तीन वर्षं मॉस्कोला ताटकळत ठेवलं, स्वतःही ताटकळले आणि एकही गोळी न झाडता करार मिळवला. त्या कराराचा शेवटही मी माझ्या हयातीत पाहिला. ही दोन्ही टोकं एकत्र मांडल्याशिवाय त्या माणसाचं मोल करता येत नाही.

शायमियेव यांचा जन्म जानेवारी १९३७ मधला, अक्तानीश जिल्ह्यातल्या अन्याकोवो या खेड्यातला. वडील कोल्खोजचे, म्हणजे सामूहिक शेतीचे अध्यक्ष. मिंतिमेर कझानच्या कृषी संस्थेतून १९५९ साली यांत्रिकी अभियंता झाले आणि ट्रॅक्टर-कापणीयंत्रांच्या दुरुस्ती केंद्रांवर नोकरीला लागले. १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कझान कार्यालयात आले. दोनच वर्षांत, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तातार स्वायत्त प्रजासत्ताकाचे जमीन सुधारणा आणि जलव्यवस्थापन मंत्री झाले आणि १४ वर्षं त्याच खुर्चीत राहिले. पाटबंधारे खातं ज्याच्या हातात असतं त्याची ग्रामीण भागावर काय पकड बसते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. तळं कुठल्या जिल्ह्यात खोदायचं, पंप कोणाच्या शेतावर बसवायचे, यंत्रं कोणाला आधी आणि कोणाला मागून, हे ठरवता ठरवता प्रजासत्ताकातला प्रत्येक जिल्हाप्रमुख त्यांच्या ओळखीचा झाला. पुढे कझानच्या सत्तेत खेड्यांतून आलेल्या कृषी अधिकाऱ्यांचाच भरणा राहिला. त्याचं मूळ या १४ वर्षांत आहे. १९८५ मध्ये ते मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष झाले, १९८९ मध्ये पक्षाचे प्रथम सचिव आणि १९९० च्या वसंतात सर्वोच्च सोव्हिएतचे अध्यक्ष. सोव्हिएत व्यवस्थेतली शिडी ते एकेक पायरी चढले. बंडखोरीचा एकही डाग त्यांच्या नोकरीच्या वहीत नव्हता.

अशा माणसाच्या हाती तातारांची सगळ्यात जुनी गाऱ्हाणी आली. १५५२ साली इव्हान चौथ्याने वेढा घालून कझान घेतलं आणि तिथलं खानाचं राज्य संपवलं. त्याच्या ८०-८५ वर्षं आधी त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन व्होल्गातून नावेने कझानवरून खाली गेला आणि पुढे समुद्र ओलांडून आपल्या चौलला उतरला. जुन्नरला त्याने पावसाळा काढला. त्याची नाव गेली तेव्हा कझान स्वतंत्र होतं. १५५२ पासून साडेचारशेहून अधिक वर्षं ते रशियाच्या पोटात आहे. १९२० साली बोल्शेविकांनी तातार स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन केलं, पण युक्रेन किंवा जॉर्जियासारखा संघ प्रजासत्ताकाचा दर्जा त्याला दिला नाही. १९३६ ची राज्यघटना मांडताना स्टालिनने त्याचं कारण सांगितलं. ज्याला परक्या देशाची सीमा लागत नाही आणि जे चहूबाजूंनी रशियाने वेढलेलं आहे, त्याला संघातून बाहेर पडायचा अधिकार देऊन उपयोग काय, असा तो युक्तिवाद होता. त्यामुळे जेमतेम १५ लाखांच्या एस्टोनियाला संघ प्रजासत्ताकाचा मान होता आणि ३६ लाखांच्या तातारस्तानला नव्हता.

त्यात तेलाची भर. १९४८ मध्ये रोमाश्किनो हे प्रचंड तेलक्षेत्र तातारस्तानात सापडलं. सत्तरच्या दशकात तातारस्तानातून वर्षाला १० कोटी टनांहून अधिक तेल निघत होतं. हे तेल कुठे जायचं, कोणत्या भावाने जायचं, हे मॉस्को ठरवत असे. तेल उपसलेल्या त्याच मातीवरच्या खेड्यांत रस्त्यांचा चिखल झालेला असायचा.

आणि तिसरी गोष्ट लोकसंख्येची. १९८९ च्या जनगणनेत तातार ४८.५ टक्के होते, रशियन ४३.३ टक्के. मिश्र लग्नं घराघरांत. या आकड्यांकडे बघितलं की शायमियेव यांचं पुढचं सगळं वागणं उलगडतं. इथे दंगल पेटली असती तर ती दोन मोहल्ल्यांत झाली नसती, आपांच्या स्वयंपाकघरात झाली असती. त्यांनी हे पक्कं ओळखलं होतं आणि सगळ्या राजकारणाचा पाया त्यावर घातला. त्यांनी सार्वभौमता मागितली ती ‘तातारस्तानच्या बहुवांशिक जनतेच्या’ नावाने, नुसत्या तातारांच्या नावाने नाही. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी बरोबर घेतले ते वसीली लिखाचोव, कायद्याचे रशियन प्राध्यापक. मॉस्कोशी वाटाघाटींची धुराही त्यांच्याकडेच दिली.

ऑगस्ट १९९० मध्ये रशियाचे नेते बोरीस येल्त्सिन कझानला आले. लहानपणीची काही वर्षं त्यांनी या शहरात काढली होती. वडील तिथे बांधकामावर मजूर होते. त्या दौऱ्यात त्यांनी गिळवेल तेवढी सार्वभौमता घ्या असं तातारांना सांगितलं. त्यांना गोर्बाचोवविरुद्ध प्रांतांची साथ हवी होती. शायमियेव यांनी ते शब्द हिशेबात धरले. ३० ऑगस्ट १९९० ला कझानच्या सर्वोच्च सोव्हिएतने सार्वभौमत्वाची घोषणा मंजूर केली. जून १९९१ मध्ये ते तातारस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. विरोधात उमेदवार कोणी नव्हता. ही नोंद वाचकाने लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

त्यांची पहिली योजना वेगळी होती. गोर्बाचोव नव्या संघकराराची तयारी करत होते आणि त्यावर तातारस्तानने रशियाच्या पदराआडून नाही, तर थेट स्वतःच्या नावाने सही करावी, असा शायमियेव यांचा आग्रह होता. सह्यांचा दिवस ठरला होता २० ऑगस्ट १९९१. आदल्या दिवशी मॉस्कोत उठाव झाला. त्या तीन दिवसांत शायमियेव यांचं वजन उठाव करणाऱ्यांच्या पारड्यात पडलं. उठाव फसला आणि त्यांची खुर्ची डळमळली. त्यांना हटवा, अशी मागणी मॉस्कोतल्या आणि कझानमधल्या लोकशाहीवाद्यांनी लावून धरली. त्यांना वाचवलं ते रस्त्यावर आलेल्या तातार राष्ट्रवाद्यांनी. हा राष्ट्राध्यक्ष गेला तर आपली सार्वभौमताही जाईल, असं त्यांना वाटलं.

कझानच्या स्वातंत्र्य चौकात एका बाजूला ऑपेरा नाट्यगृह आहे, मध्ये लेनिनचा पुतळा, आणि समोर तेव्हाच्या सर्वोच्च सोव्हिएतची इमारत. ऑक्टोबर १९९१ मध्ये याच चौकात हजारो माणसं हिरवे झेंडे घेऊन जमली. इमारतीत घुसायचा प्रयत्न झाला, पोलिसांशी झटापट झाली, माणसं जखमी झाली. लेखिका फौझिया बायरामोवा या पूर्ण स्वातंत्र्याच्या बाजूच्या सगळ्यात ठाम नेत्या. त्याच वर्षी मे महिन्यात, रशियाच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तातारस्तानात नको म्हणून, त्या चौकात उपोषणाला बसल्या होत्या. आपा त्या दिवसांबद्दल सांगताना खिडकीचा पडदा ओढून दाखवायच्या. ‘मुलगा चौकात होता, सून घरी पोर मांडीवर घेऊन बसली होती,’ एवढंच त्या म्हणायच्या.

शायमियेव यांनी या गर्दीवर बंदुका चालवल्या नाहीत आणि गर्दीच्या खांद्यावर बसून मॉस्कोवर चालही केली नाही. मॉस्कोशी बोलताना ते सांगत, माझ्याशी बोला, नाहीतर चौकातल्या लोकांशी बोलावं लागेल. चौकातल्या लोकांना ते सांगत, मला वेळ द्या, नाहीतर मॉस्कोचं सैन्य येईल. दोन्ही वाक्यं खरी होती. माझ्या व्यवसायात मी पुष्कळ कसलेले सौदागर पाहिले, पण दोन्ही बाजूंना खरंच सांगून दोन्ही बाजूंना थांबवून धरणारा माणूस विरळाच.

२१ मार्च १९९२ ला सार्वमत झालं. तातारस्तान हे सार्वभौम राज्य असावं आणि रशियाशी त्याचे संबंध समान पातळीवरच्या करारांनी ठरावेत, हे मान्य आहे का, असा प्रश्न होता. रशियाच्या घटना न्यायालयाने आठवडाभर आधी तो प्रश्न घटनाबाह्य ठरवला. येल्त्सिन यांनी मतदान थांबवा म्हणून आवाहन केलं. तरी ८० टक्क्यांहून जास्त मतदार आले आणि ६१.४ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. तातार निम्म्याहून कमी असलेल्या मुलखात हा आकडा आला, म्हणजे रशियनांनीही मोठ्या संख्येने ‘हो’ला मत दिलं. आपांच्या सुनेने दिलं होतं. का, असं मी विचारलं तेव्हा तिने तेल आणि ब्रेड ही दोनच कारणं सांगितली.

ब्रेडचं कारण खरं होतं. जानेवारी १९९२ मध्ये रशियन सरकारातल्या येगोर गायदार यांनी रशियाभर भाव मोकळे केले आणि लोकांची बचत काही महिन्यांत विरून गेली. तातारस्तानने ते धोरण तसंच्या तसं घेतलं नाही. ब्रेड, दूध, मांस यांचे भाव तेलाच्या पैशातून अनुदान देऊन खाली ठेवले आणि ते बेताबेताने वाढू दिले. बाजारव्यवस्थेत मऊ प्रवेश, असं कझानचं सरकार त्याला म्हणे. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली, आणि जुन्या शेतीव्यवस्थेला त्यामुळे नको तेवढं आयुष्य मिळालं हेही खरं. पण त्या दोन-तीन वर्षांत शेजारच्या प्रांतांतली माणसं कझानला येऊन ब्रेड विकत नेत, आणि पेन्शनवर जगणाऱ्या बाईला सार्वभौमता म्हणजे काय हे त्या पावावरून कळत होतं.

सार्वमतानंतर दोन वर्षं दोन्ही बाजूंनी एकमेकांचा दम पाहिला. नोव्हेंबर १९९२ मध्ये तातारस्तानने स्वतःची राज्यघटना केली. करांचा पैसा मॉस्कोला पाठवायचा हात आखडता घेतला. डिसेंबर १९९३ मध्ये रशियाच्या नव्या राज्यघटनेवर मतदान झालं तेव्हा कझानच्या नेत्यांनी त्यात भाग घेतला नाही आणि प्रजासत्ताकात मतदान १५ टक्केही झालं नाही. मॉस्कोजवळही पत्ते होते. तेल तातारस्तानचं, पण ते बाहेर नेणाऱ्या वाहिन्या रशियाच्या. कामाझच्या ट्रकना गिऱ्हाईक रशियात. त्यातच एप्रिल १९९३ मध्ये कामाझचा इंजिन कारखाना आगीत भस्म झाला. मी पहिल्यांदा चेल्नीला गेले तेव्हा तिथले अभियंते त्या आगीचीच गोष्ट सांगत. तो कारखाना परत उभा करायला केंद्राची मदत लागणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

१५ फेब्रुवारी १९९४ च्या करारावर चार सह्या आहेत. मॉस्कोकडून येल्त्सिन आणि पंतप्रधान चेर्नोमिर्दिन, कझानकडून शायमियेव आणि पंतप्रधान मुहम्मत साबिरोव. तातारस्तानची राज्यघटना एक सांगत होती, रशियाची दुसरंच, आणि कराराने दोन्हींचा उल्लेख करून तो वाद तसाच झाकून ठेवला. तत्त्वाचा प्रश्न बाजूला सारून मग कामाच्या गोष्टी एकेक करून वाटून घेतल्या. तेल आणि जमीन, कारखान्यांची मालकी, अर्थसंकल्प, बँका, सीमाशुल्क, परदेशी व्यापार, उच्च शिक्षण, यांतल्या एकेका बाबीवर दोन सरकारांत स्वतंत्र करारपत्रं झाली. आपलं नागरिकत्व, आपल्या भाषा, आपला अर्थसंकल्प, परदेशांशी व्यवहार, हे तातारस्तानच्या पदरात पडलं. त्या बदल्यात त्याने रशियात राहण्याचं मान्य केलं. पुढच्या महिन्यात तिथे रशियन संसदेची निवडणूक झाली तेव्हा लोक मतदानाला आले. १९९८ पर्यंत मॉस्कोने ४६ प्रांतांशी असे करार केले. कझानने वाट पाडली आणि त्या वाटेने निम्मा देश गेला.

जून १९९६ मध्ये येल्त्सिन निवडणुकीच्या प्रचारात कझानच्या सबांतुयला आले. पेरण्या संपल्या की तातार हा सण करतात. कुस्त्या, घोड्यांच्या शर्यती, गुळगुळीत खांबावर चढणं असे खेळ असतात. त्यातल्या एका खेळात डोळ्यांना पट्टी बांधून, हातात काठी घेऊन जमिनीवरचं मातीचं मडकं फोडायचं असतं. येल्त्सिन यांनी पट्टी बांधून घेतली, काठी उचलली आणि मडकं फोडलं. तो महिना त्यांच्यासाठी कठीण होता. पहिल्या फेरीत तातारस्तानात त्यांची आणि कम्युनिस्ट झ्युगानोव यांची मतं जवळजवळ सारखी पडली. दोन-अडीच आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत येल्त्सिन यांना ६० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. इतक्या थोड्या दिवसांत इतकी माणसं मन बदलत नाहीत. शायमियेव यांच्या जिल्हाप्रमुखांची यंत्रणा मधल्या काळात कामाला लागली होती.

कारकिर्दीची दुसरी बाजू इथे सुरू होते, आणि ती टाळून त्यांचा गौरव करणं मला पटत नाही. कझानने मॉस्कोकडून अधिकार मिळवले, पण ते खाली पोचले नाहीत. जिल्ह्यांचे आणि शहरांचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमत, आणि तेच प्रमुख संसदेत निवडून येऊन बसत. नेमणाऱ्याला प्रश्न कोण विचारणार? मार्च १९९६ मध्ये शायमियेव पुन्हा निवडून आले तेव्हाही समोर कोणी नव्हतं, आणि मतं मिळाली ९७ टक्के. १९९८ मध्ये काही जिल्हाप्रमुखांनी संसदेच्या अध्यक्षपदासाठी आपला उमेदवार पुढे करून पाहिला. तो प्रयत्न लगेच मोडला गेला. तेल आणि रसायनं यांचा मोठा वाटा ताइफ या समूहाकडे गेला. शायमियेव यांचे दोन्ही मुलगे त्याचे भागधारक होते आणि फोर्ब्सच्या अब्जाधीशांच्या यादीत दोघांची नावं आली. चौकातल्या ज्या राष्ट्रवाद्यांनी १९९१ मध्ये शायमियेव यांना वाचवलं, त्यांना करारानंतर हळूहळू कडेला सारलं गेलं. वर्तमानपत्रं होती, पण राष्ट्राध्यक्षावर टीका फारशी छापत नसत.

तरीही त्या वर्षांत सामान्य माणसाच्या हातात काहीतरी ठोस पडत होतं. एकदा आपांनी मला त्यांचा नवा पासपोर्ट दाखवला. १९९७ मध्ये रशियाने नवे पासपोर्ट काढले तेव्हा त्यांत सगळा मजकूर फक्त रशियनमध्ये होता, आणि तातारस्तानने ते वाटायचे थांबवले. तीन-चार वर्षं घासाघीस चालली. शेवटी तोडगा निघाला तो एका जादा पानाचा. पासपोर्टमध्ये घालायच्या या पानावर माणसाची माहिती तातारमध्ये, आणि वर प्रजासत्ताकाचं चिन्ह, पंख असलेला पांढरा बिबळ्या. आपांनी ते पान उलगडून माझ्यापुढे धरलं. वडिलांचं नाव तातार पद्धतीने लिहिलं होतं. रशियन पानावर त्याच नावाला रशियन शेपूट जोडलेलं होतं. त्यांनी दोन्ही पानांवर बोट ठेवलं आणि पासपोर्ट मिटून कपाटात ठेवला.

जून २००० मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन सबांतुयला आले. त्यांच्या वाट्याला दुसरा खेळ आला. वाडग्यातल्या दह्यात तोंड घालून तळाचं नाणं दातांनी काढायचं. त्यांनी ते काढलं, चेहरा दह्याने माखला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच मे-जूनमध्ये तातारस्तानच्या सार्वभौमतेचा पाया खणायला सुरुवात झालेली होती. देशाचे सात मोठे विभाग करून प्रत्येकावर मॉस्कोचा प्रतिनिधी बसला. प्रजासत्ताकांच्या सार्वभौमतेची कलमं घटनाबाह्य आहेत, असा निकाल घटना न्यायालयाने जूनमध्येच दिला. २००२ मध्ये कझानला स्वतःची राज्यघटना दुरुस्त करावी लागली. तातार भाषेसाठी लॅटिन लिपी परत आणायचा कायदा तिथल्या संसदेने १९९९ मध्ये केला होता. २००२ मध्ये रशियाने देशातल्या सगळ्या प्रजासत्ताकांच्या राजभाषांना सिरिलिक लिपी सक्तीची केली आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी बेसलानच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर प्रांतांच्या प्रमुखांची थेट निवडणूकच रद्द झाली. मार्च २००५ मध्ये शायमियेव चौथ्यांदा पदावर बसले. या वेळी पुतिन यांनी नाव सुचवलं आणि कझानच्या संसदेने होकार दिला.

शायमियेव यांनी विरोध का केला नाही, असं मला अनेकांनी विचारलं आहे. त्यांनी विरोध केला, पण बंद दारांआड, आपल्या जुन्या पद्धतीने, वेळ काढत, एकेक कलम वाचवत. उघड्या मैदानात उतरायला त्यांच्यामागे कोणी उरलं नव्हतं. ज्या पक्षाच्या बळावर केंद्र सगळी सूत्रं हाती घेत होतं, तो युनायटेड रशिया पक्ष उभारण्यात त्यांचा स्वतःचा हात होता. १९९९ चा त्यांचा प्रांतप्रमुखांचा गट त्यातच विलीन झाला आणि ते त्याच्या सर्वोच्च परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक झाले. जिल्हाप्रमुख वरून नेमायचे, संसद आपल्या माणसांनी भरायची, विरोधकाला मैदानात येऊच द्यायचं नाही, हा कारभार त्यांनी कझानमध्ये दहा वर्षं चालवला होता. मॉस्कोने तो देशभर लागू केला तेव्हा त्याविरुद्ध बोलायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं.

दगड-विटांत मात्र त्यांनी टिकाऊ काम केलं. १५५२ च्या वेढ्यात कझानची बाजू लढवताना कुल शरीफ हा इमाम मारला गेला. त्याच्या नावाची मशीद कझानच्या क्रेमलिनमध्ये पुन्हा बांधायचा आदेश शायमियेव यांनी १९९५ मध्ये काढला. त्याच आदेशाने शेजारच्या, रशियनांनी बांधलेल्या अनन्सिएशन कॅथेड्रलचा जीर्णोद्धारही सुरू झाला. २००५ मध्ये शहराच्या सहस्राब्दीला दोन्ही पुरी झाली. त्याच उन्हाळ्यात पोप जॉन पॉल यांनी परत केलेली कझानच्या मातेची जुनी प्रतिमा शहरात आली आणि शहराची पहिली मेट्रो सुरू झाली. सुनेबरोबर मी कॅथेड्रलमध्ये गेले, आपांबरोबर मशिदीत. मधलं अंतर चालत काही मिनिटांचं. २०१० च्या मार्चमध्ये शायमियेव यांनी पद रुस्तम मिन्निखानोव यांच्याकडे सोपवलं. स्वतः निघून, वेळ निवडून आणि उत्तराधिकारी ठरवून गेलेला त्या पिढीतला दुसरा प्रांतप्रमुख शोधावा लागेल. मॉस्कोचे महापौर लुझ्कोव यांना त्याच वर्षी बडतर्फ करण्यात आलं. शायमियेव पुढे जीर्णोद्धारालाच लागले. व्होल्गा-बल्गारांनी ९२२ साली इस्लाम स्वीकारला त्या परंपरेचं बोल्गार आणि इव्हानने कझान जिंकण्यासाठी बांधलेला स्वियाझ्स्कचा किल्ला, अशी दोन्ही ठिकाणं त्यांनी एकाच योजनेत घेतली. २०१४ मध्ये बोल्गार आणि २०१७ मध्ये स्वियाझ्स्कचं कॅथेड्रल युनेस्कोच्या यादीत आलं.

करार मात्र विझत गेला. २००७ मध्ये त्याची दुसरी, पुष्कळ फिकट आवृत्ती दहा वर्षांसाठी झाली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तिची मुदत संपली. कझानच्या संसदेने मुदतवाढ मागितली, मॉस्कोने दिली नाही. त्याच उन्हाळ्यात पुतिन यांनी जाहीर केलं की जी आपली मातृभाषा नाही ती शिकायची सक्ती कोणावर करता येणार नाही. तोपर्यंत तातारस्तानातली सगळी मुलं, रशियनसुद्धा, शाळेत तातार शिकत होती. शाळांत सरकारी वकिलांची तपासणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर २०१७ ला कझानच्या संसदेने तातार ऐच्छिक केली. आठवड्याला दोन तास, आणि तेही पालकांनी लेखी संमती दिली तर. आपांचा त्या हिवाळ्यात फोन आला. नातवाच्या मुलीच्या शाळेतून फॉर्म आला होता. घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी सही झाली ती सुनेने, म्हणजे मुलीच्या रशियन आजीने, आग्रह धरला म्हणून. आपांना त्याचा आनंद होता. पण भाषा शिकवायला घरात मतदान घ्यावं लागलं याचं दुःख त्यांच्या आवाजात जास्त होतं.

राष्ट्राध्यक्ष ही पदवीही गेली. २०२१ च्या कायद्याने देशात एकच राष्ट्राध्यक्ष राहील असं ठरलं. तातारस्तानच्या संसदेने आधी विरोधी अभिप्राय दिला आणि मग मान तुकवली. फेब्रुवारी २०२३ पासून कझानच्या प्रमुखाला रईस म्हणतात.

शायमियेव यांच्याबद्दल माझं मत असं आहे. लढाईचा पर्याय समोर असताना त्यांनी टेबल निवडलं आणि ३६ लाख माणसांना युद्धापासून वाचवलं. चेचन्याची दोन युद्धं ज्याला ठाऊक आहेत, त्याने हे ऋण कमी लेखू नये. पण जे मिळवलं ते त्यांनी लोकांच्या हाती दिलं नाही. दोन सरकारांच्या प्रमुखांनी बंद खोलीत केलेला करार त्या प्रमुखांच्या ताकदीइतकाच टिकतो. मॉस्को दुबळं होतं तोवर तो टिकला, मॉस्को बळकट झालं तेव्हा तो वाचवायला ना स्वतंत्र न्यायालय होतं, ना खरी निवडणूक लढलेले आमदार, ना प्रश्न विचारणारी वर्तमानपत्रं. १९९२ मध्ये सार्वमताला आलेले ८० टक्के लोक २०१७ मध्ये घरी बसून राहिले, कारण मधल्या २५ वर्षांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणून केंद्राशी भांडून आपल्या राज्याचे हक्क आणणाऱ्या कुठल्याही नेत्याचं कौतुक करताना वाचकाने आणखी एक गोष्ट तपासावी: आणलेले हक्क तो ग्रामपंचायतीपर्यंत पोचू देतो का, आणि आपल्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाला निवडणूक लढू देतो का. तातारस्तानात या दोन गोष्टी झाल्या असत्या, तर करार वाचवायला निदान काही माणसं पुन्हा स्वातंत्र्य चौकात आली असती.